कारभाऱ्यांच्या गादीवरचं गाडगं

सोनगडच्या कारभाऱ्यांना एकाएकी भूतदयेचा उमाळा आला आणि त्यांनी दवंडी पिटवली, की यापुढे कुणी ढेकूणसुद्धा मारायचा नाही; मारेल तो हद्दपार. चिमाबाई सुईणीला या दयेचा तेव्हाच संशय आला. ज्याची गादी रोज नोकर उन्हात टाकतात, त्याला ढेकणांचा पुळका येणं सोपंच होतं. तिने ढेकूण मारायला एका बाळंतिणीच्या रिकाम्या बाजेवर उकळतं पाणी ओतलं. कुणीतरी चुगली केली आणि तिला दरबारात उभं केलं गेलं.

"मारलेस की नाही?" कारभारी गरजले.

"मारले, सरकार. तान्ह्या पोराचं अंग फोडून काढलं होतं त्यांनी."

"अगं, त्यांनाही जीव आहे! त्यांनी खायचं काय?"

"म्हणूनच उरलेले जिवंत आणलेत," असं म्हणत चिमाबाईने पदराखालचं गाडगं कारभाऱ्यांच्या गादीवर पालथं घातलं. "आता तुम्हीच पोसा."

कारभारी अंग चोरून बसले. मग त्यांनी मान खाजवली, मग पाठ. गादीच्या प्रत्येक शिवणीकडे ते संशयाने पाहू लागले. शेवटी ताडकन उठून ओरडले, "बघता काय? मारा त्यांना!"

शिपायांनी गादी उसवली. एकही ढेकूण सापडेना.

"गाडगं रिकामंच होतं, सरकार," चिमाबाई म्हणाली. "मी चावणारे मारले, तुम्ही नुसत्या संशयावरून मारायला उठलात. हद्दपार व्हायचंच, तर तुम्ही पुढे चला, मी मागून येते."

दवंडी त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली.