टेकडी चढलेलं पाणी

भक्तहो, पाण्याला वर चढायला लावणारा पुरुष युगातून एकदाच अवतरतो, आणि कुठं प्रकट व्हायचं हे तो स्वतः ठरवतो. ओटमार महाराज जन्मले जर्मनीत, आणि शेलपिंपळीला आले ते बैलगाडीत झोप लागल्यामुळे. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. जाग आली तेव्हा गाडीवान बैल सोडून भाकरी खात होता.

महाराज मूळचे इंजिनियर. तिकडचा पंपांचा कारखाना विकून त्यांनी इथं महारोग्यांसाठी आश्रम बांधला. गावात कुणी जागा देईना, म्हणून टेकडीवर. खाली ओढा, वर तीस तहानलेली माणसं. त्यांतच गावातल्या येसाबाईची धाकटी बहीण भागू. येसाबाई रोज वीस हंडे वर न्यायची. गुडघे कुरकुरायचे, पण खाडा नाही.

एका वर्षी जिल्हा बोर्डाचं फर्मान आलं. आश्रमाला स्वतःचं पाणी नसेल, तर रोगी जिल्ह्याच्या गावी हलवा. तीस कोस! येसाबाई डोईवरच्या हंड्यासकट महाराजांपुढं उभी राहिली.

महाराज म्हणाले, "बाई, प्रभू येशूनं डोकं दिलंय. ते वापरून बघू."

दोन महिन्यांत त्यांनी एक लोखंडी यंत्र घडवलं. ना वाफ, ना बैल. ओढ्याचं पाणी नळातून धावत खाली यायचं आणि त्याच्याच धक्क्यानं थोडंसं टेकडी चढायचं. उरलेलं झडपेतून भळाभळा सांडायचं. चाचणीच्या दिवशी हे सांडणं येसाबाईला बघवेना. जन्मभर थेंब न सांडता हंडे वाहिलेली बाई ती. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, तिनं लुगड्याची चिंधी फाडून झडपेत गच्च कोंबली. आता सगळंच पाणी भागूकडं जाईल, अशा समाधानानं ती घरी गेली.

त्याच दिवशी तपासणीला बोर्डाचे ओव्हरसियर त्रिंबकराव पोंक्षे आले. गाव जमलं. यंत्र ठार गप्प.

"पाणी उताराकडे जातं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं," पोंक्षे म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या शाळेला सुट्टी होती वाटतं, साहेब?"

लोक हसले. येसाबाई पुढं झाली. "चढतंय, रावसाहेब. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"मीही परवा घोड्यावर बसलो होतो, बाई. जाग आली तर खाटेखाली."

महाराज यंत्रापाशी वाकले. क्षणभर पाहिलं. मग उठून पोंक्ष्यांना म्हणाले, "रावसाहेब, या यंत्राचं एकच मागणं आहे. सांडणारं पाणी सांडू द्यावं. ते अडवलं, तर वर थेंबही जात नाही."

भागूची वळकटी आपणच आपल्या हातानं बांधली, हे येसाबाईला कळून चुकलं.

"आता प्रार्थना करू," महाराज म्हणाले. "सगळ्यांनी डोळे मिटा. रावसाहेब, तुम्हीसुद्धा."

एरवी महाराजांची प्रार्थना दोन ओळींची. त्या दिवशी त्यांनी जर्मनीतल्या नद्यांपासून सुरुवात केली. येसाबाईनं एक डोळा उघडला. सगळ्यांचे मिटलेले. ती यंत्राकडं सरकली, चिंधी ओढली. येईना. महाराज नद्या संपवून आपल्या आत्यांच्या प्रकृतीवर आले. आत्या पाच होत्या. चौथीला चिंधी निघाली, पाचवीला ती येसाबाईच्या कमरेला खोचली गेली, आणि बाई जागेवर पोचताच महाराज म्हणाले, "आमेन."

पोंक्ष्यांच्या पायाला तोवर मुंग्या आल्या होत्या.

महाराजांनी झडप हातानं दाबली. एकदा, दोनदा. सातव्यांदा यंत्रानं जीव धरला. टक्. टक्. टक्. पाणी सांडू लागलं, आणि थोड्या वेळानं टेकडीवरून भागूची हाक आली, "आक्का, आलं गं पाणी!"

येसाबाई ओल्या मातीतच बसून रडली. महाराजांना चिंधी दिसली होती का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. पण पुढं आयुष्यभर जेवायला बसताना पहिला घास हातात घेऊन ती त्या पाच अनोळखी बायकांसाठी आयुष्य मागायची.

पोंक्ष्यांनी पगडी काढली. कोटाला चिखल लागेल याचाही विचार न करता त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, महाराज. मला जवळ करा. काय सांगाल ती सेवा करीन."

महाराजांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"खाली वाकलाच आहात," ते म्हणाले, "तर तेवढा डावीकडचा बोल्ट आवळा."