पोथीत नसलेलं वाक्य

"मगे, ह्यांतलो सगळ्यांत वायट कोण?" तुळाजीआबांनी विचारलं.

भिवाला असे प्रश्न फार आवडायचे. उत्तर तोंडात तयारच असायचं.

आबा चित्रकथी. रंगवलेली चित्रं एकेक करून मांडीवर उभी धरायची आणि तुणतुण्याच्या साथीनं त्यांची कथा सांगायची, हे त्यांच्या घराण्याचं काम. चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. भिवा अकरा वर्षं आबांच्या मागे बसून टाळ वाजवत होता. उद्या घटस्थापना. देवळात पहिल्यांदा तो स्वतः कथा सांगणार होता, पण आबांनी पोथी हातात दिली तरच.

तयारी मात्र दांडगी होती. बायको शेवंती शिमग्यापासून माहेरी, आंबेरीला. घरात टोकणारं कोणी नाही. दिवसभर पाठांतर.

सारवलेल्या पडवीत आबांनी चार चित्रं मांडली होती. चार प्रेमवीर, चौघेही कपाळकरंटे.

"हेणा बायलेचे पैंजण इकून घोडो घेतल्यान," भिवा म्हणाला. "हो वेडो. वायट न्हय."

"बरा."

"हेणा तिची चिठी सात वर्सां उघडूक नाय. हो आळशी. आणि हो तिका बेटार सोडून इलो, ती खोकता म्हणान. हो भित्रो."

"आणि चौथो?"

भिवानं चौथं चित्र उचललं. राजपुत्र मणिकेतू. राणी भांडून नदीपलीकडे बापाच्या झोपडीत गेलेली, आणि हा रोज माडीवर उभा राहून तिचा दिवा बघतोय.

"नाव आसा, नावाडी आसा. फक्त 'जा, तिका घेवन ये' इतक्या सांगूचा. पण सांगणा नाय! थंय तिचो दिवो इझता, तरी सांगणा नाय. आबानू, हो सगळ्यांत वायट. ह्येका माफी नाय."

"खात्री?"

"अकरा वर्सां झाली, आबानू."

"मगे बोल. त्येच्या तोंडान."

चित्रकथ्याचा तो नेमच आहे. राजा आला की 'मी राजा' म्हणायचं, राक्षस आला की 'मी राक्षस'. कुणालाही बाहेर उभं राहून शिव्या द्यायच्या नाहीत.

भिवा सरसावून बसला. मोरपीस चित्रावर टेकवलं आणि आवाज खाली आणला.

"मी मणिकेतू. या गढीचा धनी. नदीपलीकडे तिचा दिवा दिसतो आहे. नाव काठाला बांधलेली आहे. पण मी हाक मारणार नाही..."

आबांनी डोळे मिटले. भिवाला जोर चढला.

"...आपल्या पायान गेली, आपल्या पायान येतली. मी कित्याक जाऊ?"

आत चुलीपाशी आबांच्या बायको, काकी, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

आबांनी डोळे उघडले. "बरा बोललस. काळजाक लागला."

भिवा हसला.

"पण पन्नास वर्सां मी ही पोथी सांगतंय. माझो बापूस सांगी, त्येचो बापूस सांगी. ह्या शेवटचा वाक्य पोथीत नाय." आबा पुढे झुकले. "तुका खंय गावला?"

भिवाच्या हातातलं मोरपीस खाली आलं. त्याचे कान लाल झाले होते. शेवंती गेल्यापासून अख्ख्या वाडीनं हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं होतं, पाणंदीत, दुकानावर, देवळाच्या पायरीवर. त्यानं स्वतः ते आज पहिल्यांदा ऐकलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भांडान तिणाच काढल्यान, आबानू..." तो कसाबसा म्हणाला.

"मणिकेतूय ताच म्हणता," आबा म्हणाले. "ता मात्र पोथीत आसा."

काकींनी आत भाकरी तव्यावर टाकली.

आबांनी चारही चित्रं गोळा केली, गठ्ठ्यात सारली, लाल फडक्यात बांधली. सवयीनं भिवाचे दोन्ही हात पुढे झाले.

आबांनी पोथी उचलून फळीवर ठेवली. खुंटीवरची आपली छत्री काढली आणि त्याच्या पसरलेल्या हातांत दिली.

"पोथी खंय पळान जाणा नाय. आंबेरीची एस्टी तीन वाजता सुटता."