गोड पाण्याची हिरवळ

त्या राज्यात पाणी थोडे होते आणि मान गवताला होता. दूरच्या डोंगरातून आणलेले, गाळून निवळलेले नळाचे गोड पाणी आधी दरबारापुढच्या हिरवळीवर शिंपले जाई. उरले तर भांड्यांना मिळे. हिरवळीवर कोणी पाय ठेवत नसे, तिचे गवत कोणी खात नसे. ती हिरवी आहे तोवर राज्याचे बरे चालले आहे, असे समजण्याची तिथे रीत होती.

कारभार म्हातारे रांजण पाहत. ते एका रुंद शिळेवर बसत. विचार चालू असताना उठणे अशुभ मानले जाई, आणि त्यांचा विचार कायम चालू असे.

एका तरुण कळशीने एक पोरके बोळके सांभाळले होते. मातीचे, गळ्याला गेरूची रेघ असलेले. उन्हाने ते आतून सुकत चालले होते. लवकर भरले नाही तर तडकणार होते. नळाच्या रांगेत ताटकळताना एकदा कळशी त्या शिळेला टेकली आणि तिला खाली पाण्याचा आवाज आला.

"आबा, जरा उठा," ती थोरल्या रांजणाला म्हणाली. "तुम्ही विहिरीवर बसलाय."

"ठाऊक आहे. मचूळ पाणी आहे ते."

"गवताला चालतं मचूळ. ते तिकडे घाला आणि नळाचं आम्हाला द्या. या बोळक्याकडे बघा तरी!"

"बोळकी काय, होतच असतात, पोरी. हिरवळ एकच आहे."

"गळ्यापर्यंत भरलेल्यांना असंच सुचायचं."

"किती वाजते ही!" दुसरा रांजण म्हणाला, आणि सगळे शिळेवर डुलत हसले.

कळशी खरोखरच वाजू लागली. रोज त्या शिळेवर आपटून तिच्या बुडाला पोचे आले. मग इतर रिकामी भांडीही आपटू लागली. शेवटी आवाजाला कंटाळून रांजण उठले. शिळा सरकवून हिरवळीशेजारच्या सावलीत नेली गेली आणि ते पुन्हा तिच्यावर बसले. दवंडी पिटली: कळशीची सूचना मान्य, विहिरीचे पाणी वापरात येईल.

"ताई, आता मला पहिलं?" बोळक्याने विचारले.

"तुलाच पहिलं."

दुसऱ्या दिवशी भांड्यांची रांग विहिरीकडे वळवण्यात आली. हिरवळीवरची नळी जागची हलली नाही.

"गवत नाजूक असतं," थोरला रांजण म्हणाला. "तुम्हाला सवय होईल. आणि विहीर तूच मागितलीस ना?"

दुसरे पाणी नव्हतेच. कळशीने तेच बोळक्यात ओतले. काही दिवसांनी त्याच्या अंगावर बाहेरून पांढरे मीठ फुलले. मग पापुद्रे सुटू लागले. एका सकाळी तिने हाक मारून त्याला हलवले, तर ते जागच्या जागी ढासळले.

रांजणांनी खापऱ्या वाया जाऊ दिल्या नाहीत. हिरवळीच्या कडेला त्या ओळीने रोवून घेतल्या, गेरूची रेघ वर ठेवून.

आता रोज सकाळी नळ सुटतो. फवारा कडेपासून सुरू होतो. विहिरीच्या रांगेतून कळशीला स्पष्ट दिसते: गोड पाणी पहिले त्या खापऱ्यांवर पडते.