मॉनिटर आणि त्याची वायर

संगणक गावात नवेच आले होते, तेव्हाची गोष्ट. शेवंताताईंच्या टायपिंगच्या दुकानातला मॉनिटर कधी लागे, कधी काळाच राही. कीबोर्ड त्याला आळशी म्हणे.

एके सकाळी तो पुन्हा लागेना. शेवंताताई म्हणाल्या, "आता हा भंगारातच द्यायचा."

तेव्हा त्याची वायर रडू लागली. "दादा, दोष तुझा नाही. प्लगपाशी माझी तार आतून तुटलीय. मला फेकतील म्हणून गप्प राहिले."

मॉनिटर हळूच म्हणाला, "मला वाटू लागलं होतं, मी खरंच आळशी आहे."

शेवंताताईंनी प्लगला हात घातला, तशी वायर मुद्दाम वाकली. मॉनिटर उजळला आणि विझला. "दुखणं इथं आहे होय," म्हणत त्यांनी तेवढा तुकडा कापून नवा प्लग बसवला.

वायर वीतभर आखूड झाली. तिला ताण पडू नये म्हणून मॉनिटर भिंतीकडे सरकून बसला.