सहा तुकडे आणि एक घण

एका राज्यात नदी होती, पण पाणी नव्हते. परक्या मुलखातल्या एका जादूगाराने ते डोंगरात कोंडले आणि तीन लोखंडी दारे लावली. दारांवर लांबलचक इंग्रजी शब्द. नीट म्हणेल त्याला दार उघडे, चुकेल त्याचा दगड, असा शाप.

राजा गादीवरून हलला नाही. त्याने कोंडाजी लोहाराला धाडले. कोंडाजीने पहिलाच शब्द सपाट, कुठेही जोर न देता म्हटला आणि उभ्या जागी दगड झाला.

त्याची बायको तुळजा भट्टीवर घण घाली. नवरा हातोडीने जागा दाखवी, तिथे ती मारी. बातमी ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घण उचलून ती थेट दारापाशी आली आणि तिने शब्द ओरडायला तोंड उघडले.

"थांब," झाडावरचा तांबट पक्षी म्हणाला. "शब्दाचे तुकडे कर. घण एकाच तुकड्यावर, बाकीच्यांवर हातोडी."

"कोणत्या तुकड्यावर?"

"ते लोखंडाला विचार."

दगडाच्या पायाशी नवऱ्याची हातोडी पडली होती. तिने दारावरचे तुकडे ठोकून पाहिले. दुसरा खणखणला, बाकीचे बद्द वाजले. "रि-मेम-बर!" दार उघडले. पुढच्या दारावर तिसरा खणखणला. "हिप-पो-पॉट-अ-मस!" तेही उघडले.

तिसऱ्या दारावर सहा तुकडे होते आणि खणखणला चौथा. पलीकडून जादूगार हसला, "तुझ्या धोंड्याला माझी पायरी करीन!"

तुळजाचे रक्त उसळले. तरी दात आवळून तिने पहिले तिन्ही तुकडे हलकेच म्हटले. "रि-स्पॉन-सि..." चौथ्यावर सगळा संताप घातला, "बि!" मग श्वास आवरून, हळू, "लि-टी."

दार फुटले. पाण्याच्या लोंढ्यात जादूगार ढेकळासारखा विरघळला. कोंडाजीने डोळे उघडले.

"मला सोडून आलातच कसे?" ती कडाडली. "नुसत्या हातोडीनं कधी फाळ झालाय?"

"राजाज्ञा होती गं."

तुळजा तडक दरबारात गेली. तांबट तिच्या खांद्यावर होता.

"माग, हवे ते देतो," राजा म्हणाला.

"तिसऱ्या दारावरच्या शब्दाचा अर्थ सांगा, महाराज."

राजा इकडेतिकडे पाहू लागला.

"जबाबदारी," तांबट म्हणाला.

"आजपासून हा शब्द तुम्ही म्हणायचा," तुळजा म्हणाली. "रोज सकाळी, नदीवर, लोकांसमोर. माझा माणूस तुमच्या बदली दगड झाला होता!"

राजा उठला, नदीवर गेला आणि अडखळत सहाही तुकडे बोलला. चौथ्यावर जोर बरोबर पडला, कारण समोर तुळजा घण घेऊन उभी होती.

ती नदी पुन्हा कधी आटली नाही. तुळजानेही घण अजून खाली ठेवलेला नाही.