चार बोटं उंच जाळी

बॅटी आणि चेंडू एकमेकांशी बोलायचे, त्या काळी टेबल टेनिसच्या एका हिरव्या टेबलावर जाळीबाई राहत. पांढरा चेंडू टिंगू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पलीकडे गेला की तो खाली पडेल, कुणाच्या पायाखाली चेपेल, ही त्यांना सदा धास्ती. एके दिवशी त्या हळूच चार बोटं उंच झाल्या. "थोडंसंच तर," त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग काय, प्रत्येक फटका जाळीत! टिंगू अलीकडेच घरंगळायचा. खेळणाऱ्या मुली वैतागल्या. "या चेंडूत दमच नाही. टाकून देऊ."

"आई, मला टाकणार गं!" टिंगू रडवेला झाला.

झिजल्या रबराचे बॅटोबा जाळीबाईंच्या शेजारी कुशीवर टेकले. जाळीची उंची बॅटीच्या रुंदीएवढी, हे खेळणाऱ्यांचं घरगुती माप. "बघा वहिनी, माझ्याहून केवढ्या वर गेलात!"

"जरा जास्तच झालं का हो माझं?"

"जरा?"

जाळीबाई चार बोटं खाली आल्या. पुढच्या सर्व्हिसला टिंगूनं अलीकडे टप्पा घेतला, उडाला आणि त्यांना घासून पलीकडे पडला.

"अगं बाई, पुन्हा मी मध्ये आले!"

"लेट! पुन्हा सर्व्हिस," मुली ओरडल्या.

बॅटोबा हसले. "सर्व्हिसला एवढा स्पर्श चालतो, वहिनी. कुणाचाच गुण जात नाही."

जाळीबाईंना हुश्श म्हणायलाही सवड मिळाली नाही. टिंगू केव्हाच हवेत उडाला होता.