उसनी बोरं

जंगलाला कुऱ्हाड ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. ठोकबा सुतारपक्षी पोपटांना ढोल्या कोरून द्यायचा आणि मजुरीत वाळकी बोरं घ्यायचा. कमाईच्या दर दहा बोरांतलं एक दुष्काळासाठी जंगलाच्या कोठीत टाकायचा रिवाज होता.

एकदा कोल्हा म्हणाला, "मजुरी कशाला घेतोस? तीच बोरं उसनी म्हणून घे. उसन्यावर कोठीचा वाटा लागत नाही, आणि परत कोण मागतंय? मला विसांत एक दिलंस की झालं."

सात वर्षं सुखात गेली. आठव्या वर्षी पावसानं दडी मारली, कोठीत खडखडाट झाला. कोठीवरचं म्हातारं कासव मागचा सगळा वाटा मागायला झाडाखाली आलं.

"मी कमावलंच काय?" ठोकबा तावातावानं म्हणाला. "सगळी उसनी होती. विचारा पोपटांना!"

"विचारलं. उसनी होती तर परत द्या म्हणतात. त्यांचीही पिल्लं उपाशी आहेत. बोल, वाटा देतोस की सगळीच परत करतोस?"

ठोकबानं वाटा कबूल केला. वाट्यापोटी राहती ढोली कोठीला देऊन तो कोल्ह्याला शोधत पलीकडच्या रानात गेला. कोल्हा काही सापडला नाही. एक सुतारपक्षी मात्र ढोली कोरताना दिसला.

"मजुरी काय घेतोस, बाबा?"

"मजुरी नाही हो," तो हसून म्हणाला, "उसनी घेतो."